विरोधकाच्या तिकिटाचं गाऱ्हाणं

साहेब, मी पाणी मागत होते आणि तुम्ही हसत होतात. मला हसला असतात तर गिळलं असतं. वसाहतीतली बाई, तुमच्या बंगल्यावर आलेली, तुटक्या चपलेला दोरी बांधलेली, हातात पाण्याचा अर्ज. हसण्यासारखी होतेच मी. पण तुमचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तुम्ही फोनवर हसत होतात.

"काय सांगतोस! खरंच? अरे, त्यालाच देऊ देत. देव पावला म्हण!"

फोन ठेवून तुम्ही दोन्ही हात एकमेकांवर चोळलेत. शेजारी तुमचा इंगवले उभा होता. त्याला वसाहतीत सगळे 'साहेबांचा उजवा हात' म्हणायचे आणि पाठीमागं 'पायपोस'.

"अक्काताई, पेढा घ्या," तुम्ही म्हणालात. "समोरच्यांच्या तिकिटासाठी संग्राम चरापलेचं नाव पहिलं आहे."

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

वारगावात तेव्हा पहिल्यांदाच नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचा होता. नगरपालिका तुमच्याच हातात होती, तुम्ही उभे राहणार हे ठरलेलं. समोरच्या पक्षात दोघं भांडत होते. एक शेटे वकील. सरळ माणूस, बोलताना चष्मा पुसत बसायचा. दुसरा हा संग्राम. संग्रामचं भाषण एकच. चौक बदलायचा, भाषण नाही. 'हे बुडीतवाले आले आणि गावाचं वाटोळं झालं. ह्यांना हद्दीबाहेर काढा. ह्यांचा टँकर बंद करा. नाही गेले, तर धरण कुठं दूर आहे? आले तिथं परत ढकला!'

बुडीतवाले म्हणजे आम्ही. आमचं आंबेखोल डोंगरात होतं. धरण झालं, आंबेखोल पाण्यात गेलं, आणि सरकारनं आम्हाला वारगावच्या कडेला माळावर आणून टाकलं. शाळा पाण्यात गेली तेव्हा मी तिसरीत होते. पुढची शाळा मिळालीच नाही. हद्दवाढ झाली तेव्हा वसाहत नगरपालिकेत आली. घरपट्टी आली, मतं आली, पाणी आलं नाही. ज्या धरणात आमची घरं गेली, त्या धरणाचं पाणी जाडजूड पाइपातून आमच्याच माळाखालून शहरात जायचं. रात्री कान लावला की ऐकू यायचं. आम्हाला टँकर. तोही आला तर आला.

"साहेब, संग्रामचं नाव काढलं तरी आमच्यातल्या बायका पोरांना आत ओढून दार लावतात," मी म्हणाले. "ह्यात पेढा कशाचा?"

इंगवले खिदळला. "तेच तर गोड हाय की, अक्काताई!"

"थांब रे," तुम्ही त्याला म्हणालात आणि मला समोर बसवलंत. मी तुमच्या महिला आघाडीची वसाहत प्रमुख, घरचीच. घरच्या माणसाला समजावून सांगावं तसं सांगितलंत. "हे बघा. शेटेला तिकीट मिळालं तर काय होईल? तो वसाहतीत येणार. चहा पिणार. म्हणणार, गल्लीत नळ देतो. मग मलाही यायला लागणार. तो गल्लीत म्हणाला की मला घरात द्यायला लागणार. लिलावच की तो! आणि संग्रामला मिळालं तर?"

"तर?"

"तर तुम्ही जाणार कुठं?"

इंगवलेनं मांडीवर थाप मारली. तुम्ही पुन्हा हसलात. साहेब, ते हसणं वाईट नव्हतं, असं मी आजही म्हणेन. चांगला सौदा जमलेल्या माणसाचं हसणं होतं ते. मी सौद्यातली म्हैस आहे, हे तुम्ही विसरला होतात, एवढंच.

"आणि आमच्या पाण्याचं?" मी विचारलं.

"बघू की. निवडणूक होऊन जाऊ दे. ह्या खेपेला त्याची गरज पडेलसं वाटत नाही."

गरज. आमच्या घशाची नव्हे, तुमची. मी अर्ज घडी करून कमरेला खोवला.

तेवढ्यात इंगवलेच्या डोक्यात ते आलं. "साहेब, पर वरनं ऐनवेळी नाव बदललं तर? त्यापेक्षा जुगाईचा कौल घेऊया का? ह्यांच्या वसाहतीत हाय बघा देवी. कारखान्याच्या चेअरमननी नातवासाठी कौल लावला, उजवा पडला. नातू झाला का न्हाई?"

सभेत तुम्ही अंधश्रद्धेवर बोलायचा. पण तुमच्या मनगटाला किती दोरे बांधलेले असत, ते फुल शर्टाच्या बाह्यांना माहीत होतं. तुम्ही लगेच सावरून बसलात.

"पण बोभाटा नको."

"कशाला हुतोय? गुरवाला सांगतो मी. साहेब मनातल्या मनात मागतील. देवीला कळतंय की सगळं!"

"चालतं ना तसं तुमच्यात, अक्काताई?"

मी तुमच्याकडे बघितलं. मला 'नाही' म्हणता आलं असतं. आमच्यात कसं चालतं, ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

"या की, साहेब," मी म्हणाले. "आमची जुगाई आल्याला माघारी लावत नाही."

आता ते दोन वाक्यांतलं इथं सांगते. आंबेखोलात जुगाईचं देऊळ धबधब्याच्या कुशीत होतं. तिथं शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचं तरी बोंबलायला लागायचं. त्यामुळं आमचे गुरव पिढ्यान् पिढ्या गाऱ्हाणं ओरडूनच घालत आले, आणि लोकांनी ठरवून टाकलं की जुगाई ऐकायला कमी आहे. धबधबा तिकडं राहिला. माळावर पत्र्याच्या देवळात चिडीचूप शांतता. तरी आमचा गुरव अजून ओरडतो. एवढा की टँकरच्या रांगेतल्या बायकांना कळतं, आज कुणाची सून नांदायला तयार नाही आणि कुणाच्या भावानं बांध कोरला. आणि दुसरी रीत अशी, की काय हवं तेवढं सांगून भागत नाही. का हवं, तेही सांगावं लागतं. 'का' वाचून घातलेलं गाऱ्हाणं घालणाऱ्यावरच उलटतं, असं आमच्यात म्हणतात.

धोंडीतात्या गुरव दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आला. तोंडात तंबाखूचा बार, कपाळावर आठ्या.

"अक्के, मनातल्या मनात म्हंजी काय गं?"

"कोण म्हणालं?"

"त्यो इंगवल्या. साहेब मनात बोलणार, म्हणं. मग मी काय करू? तोंड मिटून हुबा ऱ्हाऊ? धोतरजोडी देतो म्हणालाय. तोंड मिटायची का उघडायची, ते काय बोल्ला न्हाई."

"तात्या, तुमच्या बापानं कधी मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं?"

"माझा बाप? त्येचा आवाज खाली खोऱ्यात जायाचा!"

"मग झालं तर."

"साहेब चिडला म्हंजी?"

"चिडला तर जुगाईवर चिडंल. तुमच्यावर कशाला?"

तात्यानं थोडा विचार केला. "आन धोतर?"

"धोतर गाऱ्हाणं घालायच्या आधी घ्या."

हे तेवढं त्याला लगेच पटलं.

तुम्ही आलात ते सकाळी. गुपचूप यायचं म्हणून पांढऱ्या गाडीतून आलात, आणि आमच्या माळावर पांढरी गाडी म्हणजे जत्राच. पोरं मागं पळत आली. बायका कळशा रांगेत ठेवून आल्या. इंगवलेनं उकडतंय म्हणून उभा पंखा आणला होता, तो गाभाऱ्याच्या तोंडाशी लावला. मग तो लोकांना हाकलायला लागला.

"चला, चला, बाहेर बसा! साहेब दर्शनाला आल्यात. गर्दी नको."

"आमचंच देऊळ न्हवं?" कोंडाबाई म्हणाली. वसाहतीत सगळ्यांत म्हातारी तीच. डोळ्यांनी अधू, पण तोंडानं धडधाकट.

"आजे, पायरीवर बस की जरा."

"बसतो की. पायरीबी आमचीच हाय."

सगळे पायरीवर आणि अंगणात बसले. मी चौकटीला टेकून उभी राहिले. तात्यानं नवं धोतर नेसलं होतं. घडी मोडलेली नव्हती, त्यामुळं चालताना कागदासारखं वाजत होतं. त्यानं जुगाईच्या दगडी अंगावर पाण्याचा हात फिरवला आणि कण्हेरीच्या ओल्या पाकळ्या उजवीकडं-डावीकडं चिकटवल्या. उजवी पडली तर होय. डावी पडली तर नाही.

तुम्ही हात जोडलेत, डोळे मिटलेत. ओठ हलले. पंखा घरघरत होता. तात्या वाट बघत उभा.

"बोला, साहेब," तो म्हणाला.

"बोललो."

"कवा?"

"मनात."

"मनातलं तिला ऐकू जात न्हाई, साहेब. भैरी हाय ती."

अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. तुम्ही मागं वळून बघितलंत आणि मग तात्याच्या कानाला लागलात. तात्या ऐकत गेला तसे त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"घाला, तात्या," मी म्हणाले.

तात्यानं तंबाखू थुंकला, दोन पावलं मागं आला, छाती भरून घेतली आणि सुटला.

"आई जुगाईऽऽ! आंबेखोलच्या बारा वाड्यांच्या धनिणीऽऽ! हे वारगावचे साहेब तुझ्या पायाशी आल्यातीऽऽ! त्यांचं मागणं काऽऽय? त्या संग्राम चरापल्याला तिकीट पडू देऽऽ! दुसऱ्या कुणाला पडू देऊ नकोऽऽ!"

पत्रा दणाणला. मग एवढी शांतता झाली की पंख्याचं एक पातं कुठंतरी घासतंय, ते ऐकू आलं.

"अरे, हळू! हळू बोल, मूर्खा!" इंगवले दबक्या आवाजात ओरडला.

"हळू कसं? भैरी हाय म्हणून सांगितलं न्हवं?" तात्या तुमच्याकडे वळला. "हं, साहेब. आन का?"

"काय का?"

"का पायजे त्याला तिकीट? त्ये सांगा. त्याबिगर कौल देत न्हाई ती."

"राहू दे आता. झालं तेवढं पुरे." तुम्ही उठायला लागलात.

"उठू नका, साहेब," पायरीवरनं कोंडाबाई म्हणाली. "अर्ध्या गाऱ्हाण्यावरनं उठला त्येचं घर उलटतंय. आमच्या पाटलाचं उलटलं. वासासुदीक घावला न्हाई."

आमचं सगळ्यांचंच उलटलं होतं. तुम्ही खाली बसलात. दोरे बांधणारा माणूस असल्या बोलण्यावरनं उठून जात नाही. पुन्हा तात्याच्या कानाला लागलात. ह्या वेळी तात्याचा चेहरा उजळला.

"आई जुगाईऽऽ! गावाचं भलं व्हावं म्हनून पायजेऽऽ!"

"तात्या, थांबा," मी म्हणाले.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी चौकट सोडून आत गेले. आमच्यात बाईनं गाऱ्हाणं घालायचं नसतं. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापलीकडं बाईनं आवाज चढवायचा नसतो. हे मला आईनं सांगितलं होतं, तिला तिच्या आईनं.

"साहेब, परवा बंगल्यावर मला सांगितलं होतं ते सांगा. तिथं एक, इथं एक, असं करू नका."

"अक्काताई, आपण नंतर बोलू."

"मीच सांगते मग."

"अक्के!" तात्या घाबरला. "बाईनं न्हाई घालायचं गं!"

मी घातलं. घसा फाटेपर्यंत घातलं.

"आई जुगाईऽऽ! संग्रामला तिकीट पडलं की तुझी लेकरं भितीलऽऽ! भ्याली की साहेबांकडं पळतीलऽऽ! पळून आलेल्याला पाणी द्यायला लागत नाहीऽऽ! म्हणून ह्यांना संग्राम पायजेऽऽ!"

मग मी तुमच्याकडे वळले. "चुकलं का काही, साहेब?"

एक शब्द बोलायचा होता तुम्हाला. 'चुकलं' म्हणाला असतात तर अर्ध्या वसाहतीनं तुमच्यावर विश्वास ठेवला असता. मी भांडखोर म्हणून प्रसिद्धच होते. तुम्ही तोंड उघडलंत. तुमची नजर जुगाईच्या दोन चांदीच्या डोळ्यांवर गेली. आणि तुम्ही तोंड मिटलंत.

अंगणात कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं दगड येतील, शिव्या येतील. काही नाही. कोंडाबाई हात चाचपत उठली आणि उंबऱ्यापर्यंत आली.

"आमी भ्यायाला पायजे व्हय रं तुला?" तिनं विचारलं. 'साहेब' नाही, 'तुम्ही' नाही. एकदम लेकराला विचारावं तसं. "अरं, मी तीन दिस म्हसरं घिऊन चालत आले हितं. घर बुडताना बघितलं. आता आनि कशाला भ्यायाचं?"

आणि पाकळी पडली.

डावी.

"डावा!" पोरं किंचाळली. "डावा कौल! जुगाईनं नाही म्हटलं!" बायकांनी हात जोडले. मी देवभोळी नाही, साहेब, म्हणून खरं काय ते लिहिते. पंख्याचं तोंड डाव्या बाजूला होतं. पाकळी वाळली आणि पडली. कौल देवीनं दिला नाही, तुमच्या इंगवलेच्या पंख्यानं दिला. पण मी ते तेव्हा बोलले नाही. बोलायचं कारण नव्हतं.

जाताना गाडीच्या दाराशी तुम्ही माझ्यापाशी थांबलात.

"महिला आघाडीचं काम उद्यापासून दुसरी कुणी बघेल."

"बघू दे. टँकरच्या रांगेत मलाच उभं राहायचंय."

"फार शहाणी समजतेस स्वतःला." पहिल्यांदाच एकेरीवर आलात.

"शहाणी असते तर तुमचा पेढा हातात घेतला नसता."

गोष्ट वारगावात पोचायला टँकरच्या ड्रायव्हरला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. न्हाव्याच्या दुकानात, एसटी स्टँडवर, कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर एकच विषय. साहेब देवीला विरोधकाचं तिकीट मागतो! समोरच्या पक्षाचे निरीक्षक जिल्ह्याहून आले होते, त्यांच्या कानावर गेलं. मला एका चहावाल्यानं सांगितलं. निरीक्षक बशीतला चहा फुंकत म्हणाले म्हणे, "समोरचा ज्याच्यासाठी नवस बोलतोय, त्याला आपण उभा करायचा? आपल्याला काय खुळ्यात काढताय?"

शेटे वकिलाला तिकीट मिळालं.

त्या संध्याकाळी संग्राम चरापले मोटारसायकलवरनं एकटाच वसाहतीत आला. दारं धडाधड लागली. मी कळशी घासत होते, घासत राहिले.

"अक्काताई झोरे तूच का?"

"मीच."

"माझं तिकीट कापलंस तू."

"मी नाही कापलं. तुझ्यासाठी तिकीट कोण मागतंय, ते मोठ्यानं सांगितलं."

तो अंगणातल्या दगडावर बसला. भाषणातला संग्राम आणि हा एक वाटत नव्हता. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

"माझ्या सभेला ट्रक भरून माणसं यायची," तो म्हणाला. "टाळ्या, शिट्ट्या, खांद्यावर घ्यायचे. आज कळलं, त्यातली निम्मी इंगवलेनं पाठवलेली होती."

"तुला कळलं नाही?"

"टाळ्या कुणाच्या आहेत ते कोण बघतंय?"

"आणि आम्हाला धरणात ढकलायचं, ते? ते तुझं की इंगवलेचं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "माझं," तो म्हणाला. "पण पहिल्यांदा बोललो तेव्हा एवढ्या टाळ्या पडतील असं वाटलं नव्हतं. मग सोडवंना."

मला त्याची दया आली नाही. येऊ द्यायची नव्हती. त्यानं घोटभर पाणी मागितलं.

"टँकर उद्या यायचाय," मी म्हणाले. "आला तर."

तो उठून गेला.

पुढं तुम्ही बंगल्यावर म्हणाला होतात तसंच घडलं. शेटे वकील आले, चष्मा पुसत चहा प्यायले, म्हणाले, गल्लीत नळ देतो. तुम्हाला यावं लागलं. तुम्ही म्हणालात, घरात देतो. पण आमच्या लोकांनी आता शब्दावर मान डोलावली नाही. "आधी चर दिसू दे," कोंडाबाई म्हणाली. आचारसंहिता आहे, असं इंगवले म्हणून बघत होता. शेटे वकिलांनीच शोधून काढलं की वसाहतीच्या पाण्याचं काम नवं नाहीच, ते मागंच मंजूर होऊन कागदावर सुरूही झालेलं आहे. त्याला आचारसंहिता आडवी येत नाही. आणि पाइप? पाइप नगरपालिकेच्या आवारात पडून होते. त्यांच्यात घाणेरीची झुडपं उगवली होती. एका पाइपात कुत्री व्यालेली होती.

पाइप माळावर आले. चर खणायला मजूर मिळेपर्यंत थांबलोच नाही. कुदळी आमच्या, हात आमचे. तात्यानं ते नवं धोतर कमरेला खोचलं आणि खणायला उतरला. मतदानाच्या आधी कोंडाबाईच्या परसात पहिलं पाणी पडलं. लाल, गंजाचं, फुत्कार टाकत आलं. म्हातारीनं हात धरला नळाखाली आणि वास घेतला.

"आंबेखोलचं हाय," ती म्हणाली.

तुम्ही निवडून आलात, साहेब. थोडक्यात आलात, पण आलात. वसाहतीची मतंही मिळाली तुम्हाला. आमच्या लोकांनी पाण्याची किंमत इमानदारीनं दिली. मी शिक्का कुणावर मारला, ते सांगणार नाही. तुमच्या विजयाची मिरवणूक वसाहतीवरनं गेली तेव्हा मी नळावर होते. तुम्ही जीप थांबवलीत. गुलालानं तोंड लाल झालेलं.

"काय मिळवलंस गं, अक्काताई, एवढा तमाशा करून?"

मी कळशी वाकडी करून दाखवली.

"हे," मी म्हणाले.

"हे मी दिलंय."

"होय. तुम्हीच दिलंय. म्हणूनच राग येतो."

तुम्हाला कळलं नाही. जीप गेली.

ह्याला आता किती वर्षं झाली! कोंडाबाई गेली, तात्या गेला. संग्राम चरापले पुढं तुमच्याच पक्षात आला. त्याला हार तुम्ही घातलात, टाळ्या इंगवलेनं वाजवल्या. तो आता तुमच्या व्यासपीठावर बसतो आणि बुडीतवाले आमचे भाऊ आहेत म्हणतो. त्याचंही मला काही वाटत नाही. हे सगळं मी लिहायला बसले नसते. पण परवा इंगवले वसाहतीत आला. म्हातारा झालाय, काठी घेऊन आला. ह्या खेपेला तुमचा मुलगा उभा राहतोय. इंगवले आमच्या ओसरीवर बसला, पाणी प्यायला, आमच्याच नळाचं, आणि हात चोळत म्हणाला, "समोरच्यांच्यात एक नवीन पोरगं आलंय, अक्काताई. लई जहाल बोलतंय. परप्रांतीय कामगारांच्या झोपड्या पेटवा म्हणतंय. त्यालाच तिकीट पडू दे म्हणावं, मग आपल्याला काय बघायलाच नको!"

कारखान्यामागं त्या झोपड्या आहेत. तिथं अजून टँकर जातो. रांगेत बायका उभ्या असतात, कडेवर पोरं घेऊन. त्यांची भाषा मला येत नाही. त्यांचं भ्यालेलं तोंड मला वाचता येतं.

म्हणून साहेब, तुम्हाला विचारते. शेटे वकिलाला तिकीट मिळालं, म्हणून तुम्हाला लिलावात उतरावं लागलं, हे मी समजले. राजकारण आहे. पण मंजुरी आधीची होती. पाइप आवारात होते. चर खणायला आम्ही होतो. तुम्हाला फक्त 'द्या' म्हणायचं होतं. तुमच्या मनासारखं झालं असतं, संग्राम उभा राहिला असता, आम्ही दारं लावून, भिऊन, रांगा लावून तुमच्यावर शिक्के मारून आलो असतो, तर निवडून आल्यावर तुम्ही ते पाइप घाणेरीतनं बाहेर काढले असतेत का?

गावाचं भलं, लोकशाही, विकास, त्यातलं काही सांगू नका. काढले असतेत, की नसते? मी ओसरीवर बसले आहे. तुम्ही स्वतः या, इंगवलेला पाठवू नका, आणि माझ्या तोंडावर सांगा.